निळी पेन्सिल

लातूर, १८ नोव्हेंबर २०२४

सौ. रत्नम्मा हिस,

पत्र पाहून दचकू नकोस. मी जिवंत आहे आणि स्वतःच्या हाताने लिहिते आहे. फोन केला असता, पण पाच वर्षांत तू माझा एकही फोन उचलला नाहीस. खरं सांगायचं तर मीही पाच वर्षांत मिळून चारच केले. पोस्टाने आलेलं पाकीट मात्र तू परत पाठवणार नाहीस, हे मला माहीत आहे. पाकिटं फोडायची तुला लहानपणापासून भारी हौस.

तर बातमी अशी, की माझ्या हृदयाची एक झडप बदलली. हैदराबादला नेलं होतं, त्याला आता महिना होऊन गेला. जुनी काढून धातूची नवी बसवली आहे, आणि ती वाजते. दुपारी पंखा बंद असला की टिक, टिक, टिक, सगळं स्वच्छ ऐकू येतं. तुझे दाजी पहिल्या दिवशी घरातली घड्याळं उचलून कानाला लावत फिरत होते. शेवटी माझ्याजवळ येऊन थांबले आणि म्हणाले, "आगं, हे तर तूच वाजून राहिलीस!" लग्नाला छत्तीस वर्षं झाली. बायको वाजते हे त्यांना आत्ता कळलं.

छातीवर वीतभर शिलाई आहे. पंचवीस वर्षं मी शिवणक्लास चालवला, त्या अधिकाराने सांगते, काम बरं आहे. वरचं टोक तेवढं आखडलंय. माझ्या क्लासातल्या पोरीने असं केलं असतं तर उसवायला लावलं असतं.

डॉक्टरांनी एक वही करायला सांगितली आहे. अशा ऑपरेशननंतर ठोके बिघडू शकतात म्हणे, म्हणून सकाळ-संध्याकाळ नाडी मोजून लिहायची. दाजी मनगट धरून बसतात. जन्मभर गणिताचे मास्तर, पण माझ्या मनगटाशी आले की तेहतिसाच्या पुढे गाडी जात नाही.

"हलू नको की. तू बोललीस, माझं इसरलं."

"मी कुठं बोलले? तुम्हीच मोठ्यानं मोजून राहिलात."

मग मी म्हणते, द्या ती वही, माझी मीच मोजून लिहिते. आजची नाडी ७२. कालची ७२, परवाची ७४. सगळं कसं सरळ रेषेत आहे.

हे कळवायचं कारण एवढंच, की बाहेरून कळलं तर अक्काने सांगितलं नाही म्हणशील. त्या दिवशी तू बोललीस ते खरं होतं, असा याचा अर्थ काढू नकोस. पाच वर्षांत माणसाला काहीही होऊ शकतं.

तुझी थोरली बहीण,
सिंधु


लातूर, २९ नोव्हेंबर २०२४

रत्नम्मा,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, तरी पोस्टमन दिसला की गॅलरीत जाऊन उभी राहते. चालणं होतं तेवढंच.

आरती उदगीरहून चार दिवस आली होती. जावईबापू सोमेश सोडून गेले. आता माझ्या या लेकीला साधं थर्मामीटर वाचता येत नाही, हे तुला माहीत आहे. पण या खेपेला बाईसाहेबांचा थाट बघण्यासारखा होता. "आई, उठताना हातावर भार देऊ नको. खोकला आला की उशी छातीशी धर. रक्त पातळ करायची गोळी रोज एकाच वेळेला." एवढ्यावर थांबली नाही. म्हणाली, "पप्पांनी मनगटावर मोजायचं आणि त्याच मिनिटाला मी छातीला कान लावून टिकटिक मोजणार. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. एकट्यानं मोजायचं काम न्हाई हे."

मी विचारलं, कुठे शिकलीस? म्हणाली, मोबाइलवर. संध्याकाळी मी भाजी निवडत होते आणि ती मागच्या दारी फोनवर होती. "हाव मावशी," म्हणत होती, "हाव, सांगते तिला." आरतीला मावशी किती आहेत, हे मला तरी पक्कं माहीत आहे. मी ऐकलं नाही असं दाखवून मेथीच्या काड्या मोडत बसले. नांदेडच्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं काढलेली सिस्टर माझ्या मागच्या दारी येते आणि पुढच्या दाराने येत नाही, याला काय म्हणावं?

जाताना आरती आणखी एक सांगून गेली. मी सहज म्हटलं, तुझं ते पहिलं स्थळ मोडलं नसतं तर आज तू लातुरातच असतीस. तर हसायलाच लागली. "आई, त्या पोराला मी न्हाईच म्हणणार होते. बशीतला चहा असा ओढून राहिला होता, की पंप चालू केल्यासारखा आवाज."

बघ आता. पाच वर्षांपूर्वीच्या दिवाळीत ते पाहुणे आरतीला बघायला आले होते. पोह्यांच्या बशा हातात होत्या. आणि तू सगळ्यांसमोर माझं मनगट धरून म्हणालीस, "अक्का, तुझ्या छातीत बिघाड हाय. पाय सुजलेत, दम लागून राहिलाय. आधी दवाखान्यात चल." पाहुण्यांनी पोहे संपवले आणि गेले ते गेलेच. मुलीच्या आईला आजार आहे म्हटल्यावर कोण थांबतं? त्यानंतर मी तुला काय बोलले ते तुझ्या लक्षात असेल. मी ते इथे लिहीत नाही.

येळवस, आपली रानात जेवायची अवस, तीस डिसेंबरला आहे. यंदा मला रेणापूरच्या शेतात जायचंच आहे. मागच्या साली मी कडब्याच्या कोपीपर्यंतसुद्धा चालू शकले नव्हते, बांधाजवळ गाडीतच बसून भज्जी खाल्ली. मेथी, चुका, हरभऱ्याचा पाला, तुरीचे सोले, सगळं एका पातेल्यात शिजत असतं तिथे आणि मी गाडीत, पार्सल मागवल्यासारखी. यंदा मी पातेल्यापाशी बसणार. मधल्या काळात डॉक्टरांनी काही खुसपट काढलं तर मला घरात डांबतील, म्हणून आरती गेल्यापासून वही माझी मीच चांगली ठेवते आहे. ७२, ७४, ७२, ७२. मधूनच आत काहीतरी फडफडतं, पण ते गॅसचं असणार.

सिंधु


लातूर, ७ डिसेंबर २०२४

रत्ना,

पाकीट मिळालं.

दाजींसमोर फोडलं. आत चिठ्ठी नाही, चपाटी नाही. फक्त एक निळी पेन्सिल, नवी, टोक काढलेली. दाजी म्हणाले, "आता ही कशापायी पाठवली रत्नानं?" मी म्हटलं, कापडावर खुणा करायला. ते म्हणाले, बरं, आणि पेपर वाचायला लागले. मी आत गेले आणि पलंगावर बसून राहिले. हसू आलं आणि रडूही आलं. अजून टाक्यांमुळे दोन्ही जपून करावं लागतं.

आपल्या शिरूरला सरकारी दवाखान्याचा तो कंपाउंडर होता, आठवतो ना? मी दहा वर्षांची, तू सात. मला तो सांधे धरणारा ताप येऊन गेला होता आणि डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं, दर तीन आठवड्यांनी हिला इंजेक्शन द्यायचं, चुकवलं तर ताप हृदयात शिरेल. आईला रानात जायचं असायचं, म्हणून ती तुला माझ्याबरोबर पाठवायची. इंजेक्शन दिलं की कंपाउंडर कार्डावर निळ्या पेन्सिलीने फुली मारायचा. ते औषध कमरेत असं ठणकायचं, की दोन दिवस बसता येत नसे. पहिली तीन मी घेतली. चौथ्या वेळी आपण दवाखान्याच्या मागच्या बोरीखाली बसलो आणि मी दप्तरातली निळी पेन्सिल काढली. फुली मारायला काय लागतं?

तू म्हणालीस, "अक्का, ताप आत शिरंल." मी तुझा हात आपल्या गळ्याला लावला आणि म्हटलं, "आईची आण हाय तुला, कुणाला सांगितलंस तर." तू बोरं खात रडत होतीस. पुढची दोन वर्षं मी कार्डावर फुल्या मारत गेले आणि तू बोरीखाली पहारा देत गेलीस. आई ते कार्ड देवाजवळ ठेवायची.

आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी मी पुन्हा तेच करते आहे, हे तू नांदेडात बसून ओळखलंस. ऑपरेशन झालेल्या माणसाची नाडी रोज ७२ कशी येईल, असं तुला पहिल्या पत्रातच वाटलं असणार. दुसऱ्या पत्रातल्या त्या फडफडीच्या ओळीने खात्रीच पटली असणार.

तर घे. खरे आकडे लिहिते. दाजींना मुद्दाम हाताशी बसवून मोजायला लावलं. काल सकाळी ११८. संध्याकाळी १०४. आज सकाळी टिकटिक १३० च्या पुढे, आणि मनगटावर दाजींना ९६ च लागली. आकडे जुळत नाहीत, रत्ना. टिक टिक... टिक... टिकटिकटिक, असं नवशिकी पोरगी मशीन चालवते तसं चाललंय. गेले दहा दिवस. जिना चढले की डोळ्यांपुढे काजवे येतात. मी कुणाला सांगितलं नाही. मला भीती वाटते. पुन्हा ते टेबल, ती नळी, तो वास, आणि येळवस जाणार.

उद्या रविवार आहे. परवा सकाळी डॉक्टरांकडे जाते. तू आता 'परवा कशाला, आत्ता जा' म्हणशील. तुझा आवाज इथपर्यंत येतो. बरं. आत्ता जाते. दाजी रिक्षा आणायला गेलेत.

अक्का


लातूर, १३ डिसेंबर २०२४

रत्ने,

आहे मी. पाच दिवस ठेवून घेतलं होतं, काल घरी आले. टेबल नाही, नळी नाही, फक्त ठोक्यांची पट्टी काढायच्या मशीनच्या तारा आणि एक कायम रागावलेली नर्स. तुझीच आठवण येत होती.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचा वरचा कप्पा ताल सोडून थरथरतोय. जुन्या तापाने झडप खराब झालेल्यांना, शिवाय ऑपरेशननंतर, हे पुष्कळदा होतं. औषधाने बहुतेक आटोक्यात येतं. नाहीच आलं तर पुढे गुंगी देऊन विजेचा हलका झटका देतात आणि ठोके रांगेत लावतात. ऐकून दाजींचा चेहरा पडला. मी म्हटलं, काळजी नको, आपल्याकडे वीज असते कुठे सारखी! डॉक्टर हसले, पण मग गंभीर झाले. रक्त पातळ व्हायला हवं तेवढं झालेलं नव्हतं. ठोके असे बिघडलेले आणि रक्त दाट, म्हणजे आत गुठळी व्हायची भीती. "आणखी आठवडाभर थांबला असता तर?" असं म्हणून त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं.

रक्त दाट का झालं, याचं कारण मेथी. येळवस यायच्या आधीच मी दोन्ही वेळा वाटी वाटी ओढत होते. पालेभाजीने त्या गोळीचा जोर कमी होतो. डॉक्टर म्हणाले, बंद करायची नाही, पण रोज सारखीच थोडी खायची. एक दिवस परातभर आणि एक दिवस काही नाही, असं नको.

मग त्यांनी विचारलं, "ठोक्यांचं कुणाच्या लक्षात आलं?" मी म्हटलं, माझ्या धाकट्या बहिणीच्या. कुठे असतात त्या? मी म्हटलं, नांदेडला, पत्र वाचून ओळखलं. त्यांना वाटलं मी भ्रमात आहे, लगेच रक्तदाब घेतला.

काल आरतीने आणखी एक सांगितलं. ऑपरेशनच्या दिवशी तू हैदराबादला होतीस. दोन दिवस खाली बाकावर बसून होतीस आणि मी शुद्धीवर आल्याचं कळल्यावर बस धरून गेलीस. आरतीने इतके दिवस पोटात ठेवलं, कारण तू तिला तसं सांगितलं होतंस. आमच्या घरात सगळ्यांकडून तोंड बंद ठेवून घ्यायची ही रीत माझ्यापासूनच सुरू झाली.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. त्या दिवाळीत पाहुणे गेल्यावर शेजारपाजार, दिराची माणसं, सगळे ओसरीत असताना मी तुला म्हणाले, "तुझ्या पोटी लेकरू न्हाई, म्हणून तुला माझ्या लेकीचं चांगलं बघवंना." असं मी बोलले. तुला. जिने आरतीला न्हाऊ-माखू घातलं, तिला. रत्ने, मला त्याची शरम वाटते. रोज वाटली आहे. तू पाच वर्षं फोन उचलला नाहीस ते बरोबर केलंस. मी असते तर दहा वर्षं उचलला नसता.

आणि त्या दिवशीसुद्धा तू कार्डाचं नाव काढलं नाहीस. 'हिनं इंजेक्शनं बुडवली' एवढं एक वाक्य बोलली असतीस तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. आई जाऊन बारा वर्षं झाली तरी तू तिची आण पाळलीस. तू सिस्टर का झालीस, हे मला माहीत नाही असं तुला वाटतं का? सात वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर मी ते ठेवलं. चूक माझी होती, तुझी कधीच नव्हती.

तुला आठवतं ना, ज्याने आण घातली त्याने स्वतःच्या तोंडाने 'सुटली' म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. लिहून चालत नाही. मला ते म्हणायचं आहे.

तीस तारखेला सोमवारी येळवस आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, वजन उचलायचं नाही आणि भज्जी वाटीभरच, या अटीवर. त्या दिवशी वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालासुद्धा हाक मारून जेवायला बसवतात. तू तर वाटेवरची नाहीस. ये.

तुझी अक्का


लातूर, १ जानेवारी २०२५

रत्ने,

तू परवा गेलीस आणि आज मी पत्र लिहायला बसले, म्हणून दाजी हसतायत. "फोन उचलून राहिली ना आता ती? मग कर की फोन." मी म्हटलं, सवय लागली. शिवाय एक गोष्ट फोनवर विचारता येण्यासारखी नाही.

तू कोपीत वाकून शिरलीस तेव्हा मी पांडवांच्या पाच दगडांना आंबील शिंपडत होते. मला वाटलं, तू मिठी मारशील, रडशील. मीही तयारी करून ठेवली होती, पदर हातात घेऊन. तर तू चप्पल काढायच्या आधी म्हणालीस, "वही कुठाय?" आणि त्या पाचपंचवीस माणसांत वही वाचत बसलीस. औषधाने आकडे खाली आलेत हे बघून मान हलवलीस. मेथीची वाटी मोजून वाढलीस. माझ्या नणंदेला वाटलं, सरकारी तपासणी आली.

जेवणाआधी मी उभी राहून बोलले ते तू ऐकलंसच. बसूनच बोलणार होते, पण पाच वर्षांपूर्वीचं उभं राहून बोलले होते. "माझी बहीण त्या दिवशी खरं बोलली होती, आणि मी तिला बोलू नये ते बोलले. तेव्हा ज्यांनी ऐकलं त्यांनी आज हेही ऐका." आणि तू मान खाली घालून बाजरीचा उंडा कुस्करत म्हणालीस, "अक्का, बस खाली. दम लागंल." एवढंच. मला वाटलं, झालं, आता हिच्यापुढे आणखी काही बोलता येणार नाही. आण सोडायचं ते बोलायचं राहूनच गेलं.

दुपारी कडब्याच्या सावलीत तू मला आडवं केलंस. दाजींना म्हणालीस, "तुम्ही मनगट धरा, मी कान लावते. माझ्या खुणेला चालू करा." आणि तुझं डोकं माझ्या छातीवर आलं, टाक्यांच्या बाजूला, जपून. तुझे केस पांढरे झालेत, रत्ने. मी पाहिलेच नव्हते. तेवढ्या जवळून तुझा कान मला आयुष्यात परत मिळणार नव्हता, म्हणून मी हळूच, ओठ न हलवल्यासारखं, म्हटलं, "सुटली."

तू डोकं उचललं नाहीस. हात वर केलास आणि म्हणालीस, "गप की, अक्का. मोजू दे. चुकलं माझं. पयल्यापासून."

पुन्हा मोजलंस. ८४ आणि ८२. थोडे वेडेवाकडे, पण जवळजवळ जुळलेले. तुझ्याच निळ्या पेन्सिलीने वहीत लिहिलंस आणि पुढे फुली मारलीस. घाईत होतीस म्हणून मी काही विचारलं नाही, पण दोन दिवस तेच डोक्यात आहे. तुला ऐकू आलं होतं का?

मग आज सकाळी दाजींनी मोजताना लक्षात आलं. दाजी चुकतात, आरती चुकते, मी तर ठरवून चुकते. पण तीस वर्षं वॉर्डात नाडी मोजलेल्या बाईची मोजणी चुकत नसते. आणि परवा ती चुकली.

आजची नाडी ८६. दोघांनी मिळून मोजलेली.

तुझी,
अक्का